काठी हातात आली, आता बाजारात कसं जायचं?

पहिल्यांदा काठी घेतली की बहुतेकांना काळजी वाटते ती चालण्याची. चालणं थोड्या दिवसांत अंगवळणी पडतं. गाडी अडते ती भलत्याच ठिकाणी: भाजीवाल्याला पैसे देताना, रिक्षातून उतरताना, एटीएमच्या बिनकठड्याच्या पायऱ्यांवर, लग्नातल्या बुफेपाशी. काठी पायाला आधार देते, पण त्या बदल्यात आपला एक हात अडकवून ठेवते. आणि आपला एक हात अडकलेला दिसला की आजूबाजूची माणसं आपापले हात पुढे करतात, बऱ्याचदा न विचारताच. तेव्हा शिकायच्या गोष्टी दोन. उरलेल्या एका हातात कामं कशी बसवायची आणि लोकांच्या हातांचं काय करायचं.

मी खुब्याच्या दुखण्यामुळे ऐन पन्नाशीत काठी घेतली आणि राहते पुण्यात, त्यामुळे उदाहरणं पुण्याकडची जास्त येतील. काठी कुठल्या हातात धरायची, पायावर किती भार द्यायचा हे मात्र तुमच्या डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने सांगितलं असेल तेच खरं. खाली सर्वसाधारण रीत आहे.

१. काठी मापाची करून घ्या

सर्जिकलच्या दुकानात बटण दाबून उंची कमी-जास्त करता येणारी ॲल्युमिनियमची काठी मिळते. सुरुवातीला तीच घ्या. घरात माळ्यावर पडलेली आजोबांची शिसवी काठी दिसायला देखणी असते, पण ती आजोबांच्या उंचीची असते.

माप असं घ्या. बाहेर जाताना जे पायात घालता ते घालून सरळ उभं राहा, हात सैल सोडा आणि कोणाला तरी जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत मोजायला सांगा. काठीच्या मुठीची वरची बाजू तिथे यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं, साधारण १५ ते ३० अंश. काठी उंच झाली तर खांदा कानाकडे चढतो, आखूड झाली तर माणूस एका अंगाला झुकतो. ‘काठी घेतली आणि पाठ धरली’ असं कोणी म्हणालं की मी आधी काठीचं माप बघते.

काठी धरायची दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उजवा पाय दुखत असेल तर काठी डाव्या हातात. हे बहुतेकांना उलटं वाटतं आणि चित्रपटांतले म्हातारेही सर्रास चुकीच्या हातात धरतात. दुखरा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे टाकली की त्या पायावरचा भार दोघांत वाटला जातो. दुखऱ्याच बाजूला काठी धरली, तर शरीर नेमकं त्याच बाजूला कलतं आणि खुब्याचा ताण कमी होत नाही.

छत्रीच्या दांड्यासारखी वाकडी मूठ दुकानाच्या गल्ल्याला किंवा कोपराला अडकवता येते, ही तिची मोठी सोय. पण दिवसभर वापरायची असेल तर तळव्यात भरून बसणारी सपाट मूठ बरी, विशेषतः बोटांना संधिवात असेल तर. चार पायांची काठी आपली आपण उभी राहते आणि पक्षाघातानंतर अनेकांना तीच देतात. मात्र जिन्यावर आणि उंचसखल फुटपाथवर तिचे चारही पाय एकदम टेकत नाहीत आणि ती डगमगते. पांढरी किंवा पांढरी-लाल काठी केवळ रंग आवडला म्हणून घेऊ नका. ती दृष्टिहीनांची खूण आहे आणि रस्त्यावरचे लोक तुमच्याबद्दल तसाच समज करून घेतील.

आणि रबर. काठीच्या टोकाला असतं ते रबर हीच खरी काठी, बाकी सगळी दांडी. नव्या रबराच्या तळाला खाचा असतात. त्या झिजून तळ गुळगुळीत झाला की ओल्या फरशीवर काठी सटकते. रबर सुटं मिळतं, स्वस्त असतं. काठी दुकानात नेऊन त्याच जाडीचं बसवून बघा आणि एक जास्तीचं घेऊन ठेवा. जूनच्या आधी बदलायची सवय लावून घ्या, पाऊस सुरू झाल्यावर दुकान गाठणं हेच एक काम होऊन बसतं.

२. उरलेला हात मोकळा ठेवा

हातात धरायची पिशवी आता विसरायची. पाठीवरची छोटी सॅक किंवा गळ्यातून तिरकी घालायची पर्स. तिरकी पर्स काठीच्या बाजूला लोंबकळू देऊ नका, ती काठीच्या आड येते. काठीच्या मुठीला कोथिंबिरीची पिशवी लटकवायचा मोह सगळ्यांना होतो, पण पिशवी झुलली की काठीही झुलते. बटाटे-कांदे, तेल, पीठ असलं वजनदार सामान घरपोच मागवा किंवा वाण्याला पोऱ्याबरोबर पाठवायला सांगा. बाजारात आपण जायचं ते निवडून घ्यायच्या गोष्टींसाठी, म्हणजे पालेभाजी, फळं, फुलं.

मुठीजवळ मनगटात अडकवायची दोरी असते. नसेल तर बुटाची नाडी बांधा. ही दोरी चालताना मनगटात ठेवायची नाही, कारण पडलात तर काठी अंगाखाली येते. ती फक्त थांबल्यावर, पैसे देताना, सही करताना, कुलूप उघडताना घालायची. फोन काठीच्या विरुद्ध बाजूच्या खिशात ठेवा. क्यूआर कोडने पैसे देणं ही काठीवाल्यांसाठी मोठी सोय झाली आहे. सुटे पैसे मोजायचे, ते खाली पडायचे आणि मग वाकायचं, हे सगळंच वाचतं.

काठी भिंतीला सरळ टेकवून ठेवली की ती हमखास पडते, आणि तीही दुकानात शांतता असताना. ती कोपऱ्यात ठेवा, म्हणजे दोन भिंती तिला धरतात. नाहीतर खुर्चीत बसून दोन गुडघ्यांमध्ये धरा. बाहेरच्या स्वच्छतागृहात जमिनीवर कधीच नाही, दाराच्या कडीला अडकवायची.

३. रस्ता आणि पाऊस

जिना किंवा फुटपाथची उंच पायरी चढताना चांगला पाय आधी वर, मग दुखरा पाय आणि काठी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी खाली, मग चांगला. चढायला आणि अंग तोलून धरायला जोर लागतो तो चांगल्या पायाचा, एवढं लक्षात राहिलं की क्रम आपोआप आठवतो. कठडा असेल तर कठडा धरा, मग तो ज्या बाजूला असेल त्या बाजूला, आणि काठी दुसऱ्या हातात घ्या. पक्का कठडा काठीपेक्षा केव्हाही भरवशाचा.

फुटपाथवर दृष्टिहीनांसाठी बसवलेल्या उंचवट्यांच्या पिवळ्या फरशा असतात. त्यांच्यावरून नाही, कडेने चाला. त्या उठावांवर काठीचं टोक नीट बसत नाही आणि पावसात त्या निसरड्या होतात. उखडलेला पेव्हर ब्लॉक दिसत नाही, पण काठीला कळतो. टोक टेकवल्यावर खाली हललं तर तिथे पाय टाकू नका. इमारतीच्या दाराशी बसवलेला चकचकीत ग्रॅनाइट हा पावसाळ्यातला सगळ्यात वाईट प्रकार. तिथे पायपुसण्यावर काठीचं रबरसुद्धा पुसून घ्यायचं, मगच पुढे जायचं.

छत्री आता नाही. एका हातात काठी, दुसऱ्यात छत्री म्हणजे तोल गेला तर धरायला हातच नाही. त्यामुळे टोपीचा रेनकोट. साडी नेसत असाल तर निऱ्या नेहमीपेक्षा बोटभर वर ठेवा आणि पदर कमरेला खोचा, जिना उतरताना काठीचं टोक निऱ्यांच्या काठावर पडू शकतं. पायात मागून पट्टा असलेलं काहीतरी हवं, सपाता नकोत.

रस्ता ओलांडताना अर्धा संपलेला हिरवा दिवा आपला नसतो. पुढचा येऊ द्या, आणि तो लागला की पहिल्या सेकंदाला निघा. पुण्यात दुचाकीवाले थांबत नाहीत, बाजूने वळसा घेतात, म्हणून मध्येच थबकणं किंवा एकदम मागे फिरणं धोक्याचं. सावकाश पण एका चालीने जायचं. त्यांना अंदाज आला की ते आपला रस्ता काढतात.

भटक्या कुत्र्यांना काठी म्हणजे मार हेच ठाऊक असतं. काठी उगारू नका, आपटूही नका. टोक जमिनीवरच ठेवून, नजर न भिडवता, त्याच चालीने पुढे जा. गल्लीतल्या कुत्र्यांना काही दिवसांत तुमची टकटक ओळखू येते आणि मग ती उठायचेही कष्ट घेत नाहीत.

४. रिक्षा, एसटी, रेल्वे

रिक्षात आधी पाय टाकून चढू नका. पाठमोरे व्हा, सीटच्या कडेवर टेका, मग दोन्ही पाय आत घ्या, शेवटी काठी. उतरताना उलट: काठी आधी बाहेर, जमिनीवर पक्की टेकवा, मग पाय. रिक्षाचे पैसे बसल्या जागीच द्या. उतरून, एका हाताने पर्स उघडत, मागच्या गाडीचा हॉर्न ऐकत उभं राहण्याची गरज नाही. आणि बसतानाच सांगा, ‘दादा, उतरायला जरा वेळ लागेल, कडेला घ्याल का?’ उतरताना सांगितलं तर तोवर रिक्षा रस्त्याच्या मधोमध उभी असते.

एसटीची पहिली पायरी उंच. काठी दोरीने मनगटाला लटकवा किंवा वरच्या माणसाकडे द्या आणि दोन्ही हातांनी दांडे धरा. रेल्वेच्या डब्यालाही तेच. एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना राज्यात मोफत प्रवास आहे (ऑगस्ट २०२२ पासून), ६५ ते ७५ वयाला निम्मं भाडं, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना निम्मं. हे वयावर आणि ओळखपत्रावर मिळतं, काठीवर नाही.

काठी ही कुठल्याच सवलतीची पावती नाही. मुंबईच्या लोकलमधला दिव्यांगांचा डबा, अपंगत्वाच्या सवलती, यांना प्रमाणपत्र लागतं. दुखणं कायमचं किंवा दीर्घकाळाचं असेल तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व धरलं जातं. ज्यांना ते कार्ड मिळणार नाही, त्यांनी लोकलची गर्दीची वेळ टाळणं एवढाच शहाणपणा. मेट्रोत सरकत्या जिन्याच्या नादी न लागता लिफ्ट शोधा. काठी टेकवून सरकत्या जिन्यावर पाऊल टाकताना काठी एका पायरीवर आणि आपण दुसऱ्या पायरीवर, असं होतं.

विमानतळावर काठी एक्स-रे यंत्रातून जाते. काठी सोडण्याआधी खुर्ची मागा. पलीकडे काठी हातात आल्याशिवाय उठायचं नाही.

५. बँक आणि सरकारी कामं

काठीवर चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त जड जातं, आणि आपली सरकारी कामं म्हणजे उभं राहण्याचीच कामं. म्हणून आधी बघा, काय घरबसल्या होतं. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितलं, की ७० वर्षांपुढचे ज्येष्ठ आणि दिव्यांग ग्राहकांना रोख, डिमांड ड्राफ्ट, हयातीचा दाखला अशा सेवा घरी द्या. शाखेत जाऊन ‘डोअरस्टेप बँकिंग’ हा शब्द उच्चारा. काउंटरवर माहीत नसेल तर मॅनेजरला विचारा. पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला आता जीवन प्रमाण ॲपमधून चेहरा दाखवून फोनवरच देता येतो. ८५ वर्षांपुढचे आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेले मतदार घरून मत देऊ शकतात. त्यासाठी अर्ज १२-ड भरायचा, निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

जावंच लागलं तर रांगेत नंबर लावून बसा. पुढच्या माणसाला सांगायचं, ‘मी तुमच्या मागे आहे, तिकडे खुर्चीवर बसते.’ बहुतेक लोक नंबर सांभाळतात, उलट ‘तुम्हीच पुढे व्हा’ म्हणतात. तसं म्हणाले तर घ्या, फार आढेवेढे नकोत.

इथेच एक प्रकार हमखास घडतो. बरोबर मुलगा किंवा सून असेल तर काउंटरवरचा माणूस त्यांच्याशी बोलायला लागतो. ‘आजींची सही आणली का?’ आजी समोर उभ्या असतात. अशा वेळी चिडून उपयोग नसतो आणि गप्प राहूनही नसतो. शांतपणे, ‘खातं माझं आहे, मला विचारा.’ आणि मुलालाही घरूनच सांगून ठेवा की त्याने उत्तर द्यायचं नाही, तुमच्याकडे बघायचं.

६. लोकांचे हात, लोकांची तोंडं

मदत करणारे वाईट नसतात, त्यांना धरायचं कसं ते ठाऊक नसतं. ते नेमका काठीचा हात दंडाला पकडतात आणि वर उचलतात. काठी जमिनीवरून सुटते आणि आपण पडायला येतो. म्हणून कोणी पुढे सरसावलं की त्याने धरायच्या आत बोला: ‘मला धरू नका, तुमचा हात द्या, मी धरते. या बाजूने या.’ रिकाम्या हाताच्या बाजूला त्याला उभं करा आणि त्याच्या कोपराच्या वर धरा. वेग आपल्या ताब्यात राहतो. नको असेल तर ‘नको, जमतंय मला, थँक्यू’ एवढं पुरे.

पडलात तर चार माणसं काखेत हात घालून खेचायला येतात. ‘थांबा, उचलू नका, आधी मला बसू द्या,’ हे मोठ्याने म्हणा. कुठे लागलंय ते बघा. मग खुर्ची किंवा दुकानाची पायरी मागा, तिच्यावर हात टेकून आपलं आपण उठा. भयंकर दुखत असेल, पाय हलवता येत नसेल तर उठायचंच नाही, डॉक्टरांची सोय होईपर्यंत तिथेच थांबायचं.

आता तोंडांचं. ‘काय झालं?’ हा प्रश्न जिन्यात, पार्किंगमध्ये, हळदीकुंकवाला, सगळीकडे येणार. पूर्ण आजारपण सांगायचं बंधन नाही. एक वाक्य तयार ठेवा आणि त्याला उलट प्रश्न जोडा: ‘खुब्याचं दुखणं आहे, काठीने बरं पडतं. तुमची मुलगी आली का बंगळुरूहून?’ विषय तिथेच बदलतो. ‘आमच्या नणंदेने अमुक तेल लावलं आणि काठी फेकून दिली’ असं सांगणाऱ्यांना ‘विचारते डॉक्टरांना’ म्हणायचं. वाद घातला की तेलाची बाटली घरी येते.

‘एवढ्या लवकर काठी?’ हे वाक्य मात्र टोचतं. त्याच्या मागे समज असतो की काठी म्हणजे म्हातारपण, आणि काठी टाळली की म्हातारपण टळलं. हा समज बाहेरच्यांपेक्षा घरातल्यांचा जास्त असतो. पाहुणे यायच्या वेळी काठी दाराआड जाते, फोटो काढताना कोणीतरी ती हळूच बाजूला घेतं. घरात एकदा स्पष्ट बोला: चष्मा लपवत नाही ना, मग काठीही जिथे मी बसेन तिथे हाताशी राहील. काठी दूर ठेवली म्हणून उठताना माणूस पडला, तर फोटो चांगला आल्याचं समाधान कोणालाच राहत नाही.

वयाने तरुण असाल तर वेगळी अडचण. राखीव जागेवर बसलात तर कोणी म्हणणार, ‘तुमच्यापेक्षा वयस्कर उभे आहेत.’ दुखणं दिसत नाही, काठी खोटी वाटते. काठी समोर धरा, मांडीआड नको, आणि बसल्या जागेवरून सांगा: ‘काका, पाय साथ देत नाही म्हणून बसलेय.’ प्रमाणपत्र दाखवायची पाळी क्वचित येते. जे तरीही कुरकुरतात त्यांच्यासाठी उठू नका. चालत्या बसमध्ये उठून उभं राहणं हा उगाच घेतलेला धोका आहे. मुलं मात्र थेट विचारतात, ‘ही काठी खरी आहे?’ त्यांना हातात घेऊन बघू द्यावी. त्यांचे आईवडीलच ओशाळे होतात.

७. देऊळ आणि लग्नाचा हॉल

देवळात दोन प्रश्न. चपला काढल्या की काठीचं माप बदलतं, टाच किती जाड आहे त्यावर. थोडा वेळ असेल तर चालतं, लांब रांग असेल तर काठीचं बटण एका खाचेने खाली घ्या. दुसरं, दारातला सेवेकरी म्हणतो, ‘काठी बाहेर ठेवा.’ त्याची हरकत रस्त्यावरच्या घाणीला असते. सॅकमध्ये धुतलेलं जास्तीचं रबर ठेवा, पायरीवर बसून त्याच्यासमोर बदला. मी ओला रुमाल काढून रबर पुसते तेव्हाच अर्धे लोक ‘असू द्या, असू द्या’ म्हणतात. गाभाऱ्यापाशी नारळाचं पाणी, तेल, अभिषेकाचं पाणी असतं. तिथे काठीवर भिस्त न ठेवता कठडा किंवा कोणाचा तरी हात धरा. वाकून नमस्कार करायची सक्ती देवाचीही नसते, उभ्यानेच हात जोडा. मोठ्या देवस्थानांत ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठी दर्शनाची वेगळी सोय असते का, ते मुख्य रांगेत शिरण्याआधी विचारा, कारण बॅरिकेडच्या आतून उलटं फिरता येत नाही.

लग्नात बुफे म्हणजे काठीवाल्यांची परीक्षा. ताट एका हातात, काठी दुसऱ्यात, वाढून घ्यायला हातच नाही. ताट घेऊन फिरायचा प्रयत्नच करू नका. आधी भिंतीकडेची खुर्ची धरा, जिच्यासमोर टेबल आहे अशी. काठी खुर्चीच्या पाठीला अडकवली तर जाणारे-येणारे तिला अडखळतात, म्हणून ती टेबलाखाली पायांशी आडवी ठेवा. मग भाचीला नाहीतर वाढप्यालाच सांगा, काय काय हवं ते नाव घेऊन. नुसतं ‘आण काहीतरी’ म्हटलं तर तीन प्रकारच्या भाज्या येतात आणि मठ्ठा राहतो. पुन्हा जिलबी हवी असेल तर पुन्हा सांगा. जेवण झालं की ताट उचलायलाही कोणीतरी येतं, त्याला उचलू द्या.